जिने ओळ सोडली

आमच्या शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही, कारण मारून उपयोग नाही. सगळे माग एकदम धडधडायला लागले की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही, तिथे दुसरीची हाक काय ऐकू येणार. म्हणून आम्ही विणणाऱ्या बायका ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, शब्द तोंडात नीट घडवायचा आणि समोरचीने तो बघायचा. ब, म, प ही ओठ मिटून येणारी अक्षरं पार शेवटच्या मागावरूनही दिसतात. क आणि ग घशातल्या घशात राहतात, ते ओळखायला सराव लागतो. नवी मुलगी आली की पहिले काही महिने ती बहिरीच असते, आणि मग एक दिवस तिला अचानक सगळं ऐकू यायला लागतं. त्या दिवशी तिला शेडमधल्या सगळ्या भानगडीही कळतात.

फिटर मात्र सगळे पुरुष. माग बिघडला की ते येतात, कानाशी तोंड आणून ओरडतात आणि जातात. इतकी वर्षं आमच्यात वावरून त्यांच्यापैकी एकालाही ओठ वाचता येत नाहीत. बाईच्या तोंडाकडे ऐकायला म्हणूनही बघता येतं, हे त्यांच्या गावीही नाही.

या सवयीचा घरी त्रास होतो. माझ्या सासूबाई याच शेडमध्ये आयुष्यभर होत्या, आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, पण ओठ वाचण्यात त्यांचा हात धरणारी कुणी नाही. त्यामुळे आमचं सासू-सुनेचं बोलणं बिनआवाजाचंच चालतं. आमचे हे बस चालवतात. ते म्हणतात, लोकांच्या घरात सासू-सुनेची भांडणं ऐकून शेजारी गोळा होतात, आमच्याकडे मला एकट्यालाच बघायला मिळतात आणि त्यातलंही काही कळत नाही. हसण्यावारी नेतात बिचारे. पण परवा परवा दुकानात मी साबण मागितला आणि दुकानदार माझ्याकडे नुसता बघत राहिला. "ताई, जरा मोठ्याने," म्हणाला. मी आवाज लावलाच नव्हता. असं पुष्कळदा होतं. मला वाटतं मी बोलले, आणि समोरच्याला वाटतं मी नुसते ओठ हलवले.

तर त्या शेडमध्ये एक जुनी रीत आहे. सासूबाईंच्याही आधीपासूनची. काम सुरळीत चाललं असलं की एखादी बाई एक ओळ सोडते. म्हणजे कवितेची एक ओळ ओठांनी म्हणते आणि शेजारणीकडे बघते. शेजारीण ती पुढे देते, ती त्याच्या पुढे. जिला सुचेल तिने जोडीची ओळ लावायची. यमक जुळलं पाहिजे, आणि ओठांवर दिसतील असेच शब्द पाहिजेत. कविता पुरी झाली की ती मागामागाने परत येते आणि जिने पहिली ओळ सोडली तिनेच चहाच्या सुट्टीत ती सगळ्यांना म्हणून दाखवायची. तीही ओठांनीच, कारण कँटीन शेडला लागूनच आहे. बहुतेक कविता फिटरांच्या चालण्यावर, नवऱ्यांच्या घोरण्यावर आणि मॅनेजरच्या टकलावर असत.

मग ती नोटीस लागली.

नवे माग येणार होते. ते चालवायचं आणि जुळवायचं शिक्षण कंपनी देणार होती, पण फक्त पुरुष कामगारांना. बायकांना घडी खात्यात पाठवणार, म्हणजे दिवसभर तयार कापडाच्या घड्या घालायच्या, आणि पगार खालच्या पायरीचा. कारणही लिहिलं होतं: यंत्र जुळवण्याचं काम स्त्रियांनी पूर्वी केलेलं नाही.

मी ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मोठ्या फिटरला सगळे बाबा म्हणतात. बाबांची कंबर धरल्यापासून त्यांना मागाखाली वाकता येत नाही. ते शेजारी उभे राहतात, मी खाली शिरते, हाताने चाचपून काय सैल आहे ते बघते आणि आवळते. मागच्या सुट्टीनंतर निम्मे माग अडले होते, ते मीच सुरू केले. आपला माग जुळवणं तर पलीकडच्या रांगेतल्या बायकाही बिनबोभाट करतात. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आमच्याकडे काकण हातात असून ते दुसऱ्याच्या नावावर होतं. बाबांच्या छातीवर पितळेचा बिल्ला, आणि आमच्या कपाळावर मागाच्या तेलाचा डाग.

मला घडी खात्यात जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण माझा जीव त्या मागांत अडकला होता. माग बिघडला की मला झोपेतसुद्धा कळेल असं वाटायचं. घड्या घालत बसले असते तर मी वर्षभरात म्हातारी झाले असते.

त्यात बायकांची एकजूट म्हणावी, तर आनंदच. आमच्या शेडच्या मधून एक वाट जाते. तिच्या एका बाजूला खिडकीवाल्या, दुसऱ्या बाजूला भिंतीवाल्या. खिडकीशी वारा आणि बरे माग, भिंतीशी उकाडा आणि खटारे. त्यावरून दोन्ही बाजूंचं जुनं वैर. भिंतीवाल्यांची पुढारी तिखट. हे तिचं नाव नव्हे, पण तिच्या सख्ख्या आईलाही आता दुसरं नाव आठवत नसेल. मला खिडकीजवळचा माग मिळाला तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मी बाबांना लोणी लावलं असं ती सगळ्यांना सांगत होती. समोरासमोर काम, दिवसभर तोंडाला तोंड, आणि अबोला. ओठांनी बोलणाऱ्या बायकांचा अबोला फार वाईट असतो. ती नुसती मान फिरवते आणि आपण तिच्यासाठी मेलेले असतो.

नोटिशीनंतर शेड गप्प झाली. माग चालू, पण ओठ बंद. खिडकीवाल्यांना वाटे, भिंतीवाल्या आपल्याला सोडून साहेबांशी परस्पर बोलणी करतील. भिंतीवाल्यांना तेच आमच्याबद्दल वाटे. मला तर रोज सकाळी कामावर जाताना वाटे की आजच घडी खात्याची यादी लागली असेल. जेवण जात नव्हतं. सासूबाई उरलेलं ताट झाकून ठेवायच्या.

अशाच एका दुपारी बाबा माझ्या मागाशी आले. मी खाली शिरून माग जुळवून बाहेर आले, तर ते मॅनेजरच्या कानात ओरडून सांगत होते की काम झालं. मॅनेजरने त्यांची पाठ थोपटली. माझ्या हाताला तेल होतं, ते मी पदराला पुसलं आणि मला इतका राग आला की तो गिळता येईना. मी ओळ सोडली.

बोट माझं, सूत माझं, मागापाशी पाय माझा.

शेजारणीने ती पुढे दिली. ती रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. कुणालाच जोड सुचत नव्हती, किंवा सुचूनही लावायची भीती वाटत होती. आता नवऱ्याच्या घोरण्यावर कविता करायचे दिवस नव्हते. ओळ तशीच लोंबकळत राहिली तर मोठा अपशकुन मानतात आमच्याकडे. मी मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण केलंस बाई.

आणि मग वाटेपलीकडून तिखटने मान वर केली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर दाखवत म्हणाली:

माप घ्यायला आला बाबा, म्हणे आता न्याय माझा.

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की तोंड कसं दिसतं कोण जाणे, पण तिखट हसली. मग भिंतीच्या बाजूने पुढची ओळ आली, तुटला धागा मीच बांधला, अडला माग मीच सोडवला. ती वाट ओलांडून आमच्याकडे आली, आमच्याकडून परत गेली, आणि तिखटनेच तिला जोड लावली:

बिल्ला मात्र त्याच्या छातीवर कुणी बाई चढवला?

हे वाचून माझ्या शेजारणीने घाबरून तोंड फिरवलं, पण ओळ मात्र पुढे दिली. रीत म्हणजे रीत. शेवटच्या दोन ओळी मावशींनी लावल्या. मावशी शेडमध्ये सगळ्यात जुन्या, निवृत्तीला आलेल्या, त्यांना कुठल्याही खात्यात टाकलं असतं तरी काही फरक पडणार नव्हता.

तुझ्या ताटातलं नको मला, माझ्या ताटातलं काढू नको.
पट्टी एकच ठेव बाबा, एकीला खाली पाडू नको.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत खिडकीवाल्या आणि भिंतीवाल्या पहिल्यांदा एका टेबलाशी बसल्या. कुणी ठरवलं नव्हतं. कविता म्हणायची होती मी, तिच्यात ओळी होत्या त्यांच्या, मग त्यांना येणं भागच होतं. मी कविता म्हटली, आणि ती संपल्यावर कुणी उठलंच नाही. तिखट म्हणाली, आपण हे वर सांगायचं. मालक स्वतः पुढच्या आठवड्यात नव्या मागांची सभा घ्यायला येणार आहेत, तिथे सांगायचं.

युनियनचे सेक्रेटरी म्हणाले की बायकांचं म्हणणं ते स्वतःच दोन वाक्यांत मांडतील. तिखटने त्यांना ऑफिसात गाठून विचारलं म्हणे, की तुम्ही कधी माग जुळवलाय का. ते हिशेब खात्यातले. शेवटी बरीच ओढाताण होऊन एका बाईला बोलू द्यायचं ठरलं. कुणाला, यावर मला वाटलं तिखटच बोलेल. तिच्यासारखी जीभ सगळ्या मिलमध्ये नव्हती. पण ती म्हणाली, "भाषण करायचं असेल तर मी करते. पण भाषण माझं एकटीचं होईल आणि ते मला एकटीला घरी बसवतील. कविता सगळ्यांची आहे. आणि जिने ओळ सोडली तिनेच ती म्हणायची."

रीत म्हणजे रीत. माझी पाचावर धारण बसली.

घरी सांगितलं तर हे बराच वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, जायचं तर जा, पण ते बिल्ल्याचं तेवढं गाळ. बाबा माणूस वाईट नाही आणि मॅनेजर त्याच्या मुठीत आहे. उद्या घडी खातंही मिळायचं नाही, आगीतून फुफाट्यात जाशील. त्यांचं चुकत नव्हतं. मी स्वयंपाक करताना त्या दोन ओळी गाळून कविता म्हणून बघितली. ती नीट उभी राहत होती. कुणाला कळलंही नसतं. मग आठवलं, सभेत तिखट बसलेली असणार आणि तिची नजर माझ्या ओठांवर असणार.

रोज संध्याकाळी मी सासूबाईंसमोर तालीम करायची. त्या खुर्चीत बसायच्या, मी ओट्याला टेकून उभी राहायची. त्या फार कडक परीक्षक. "माप म्हणताना ओठ पुरते मिटत नाहीत तुझे," म्हणायच्या. "न्याय नीट दिसला पाहिजे. घाई करू नकोस." मी पुन्हा म्हणायची. सातव्या की आठव्या तालमीला त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "झकास. एक अक्षर सुटलं नाही. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, लक्षात ठेव."

मला त्यांचा फार आधार वाटला. आम्हा दोघींपैकी एकीलाही काही खटकलं नाही.

सभा कँटीनला जोडून असलेल्या मोठ्या खोलीत होती. माग बंद ठेवले होते, आणि ती शांतता मला सहन होत नव्हती. शेड बंद असली तरी माझ्या कानात ती चालूच राहते, बारीक शिट्टीसारखी, आणि मी घाबरले की ती वाढते. समोर एक चौथरा, त्यावर माइक. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर मालक, मॅनेजर, बाबा आणि सेक्रेटरी. त्यांच्यामागे सगळे पुरुष. बायका पाळी संपवून आल्या म्हणून पार शेवटच्या बाकांवर, दाराशी. मालक म्हातारे होते, चेहरा भला होता, पण भल्या चेहऱ्याच्या माणसांनीही नोटिशीवर सह्या केलेल्या मी पाहिल्या होत्या.

सेक्रेटरी बोलले, मॅनेजर बोलले. नव्या मागांची चित्रं दाखवली. मग माझी पाळी आली. मी चौथऱ्यावर चढले. माइकसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा मला कळलं की इथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. आणि चेहरे दिसले की मला ऐकू येतं, मी काय करणार. मॅनेजर बाबांकडे झुकून म्हणत होता, होऊ दे हिचं, मग आपण विचार करू म्हणून सांगू आणि यादी लावू.

माझ्या कानातली शेड जोरात सुरू झाली. मी मागच्या बाकांकडे बघितलं, मावशींकडे, तिखटकडे, आणि म्हणायला सुरुवात केली.

बोट माझं, सूत माझं. सासूबाईंनी सांगितलं होतं तसं, सावकाश, ओठ मिटून, उघडून. मागच्या बाकांवर माना हलल्या. न्याय माझा, म्हटलं तेव्हा माझ्या शेजारणीने डोळे पुसलेले मला दिसले. माझा धीर वाढला. बिल्ल्याच्या ओळीशी आले. क्षणभर ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी थांबले. तिखट बघत होती. मी ती ओळ म्हटली, पुरती, बाबांच्या छातीकडे बघत. तिखट बाकावर ताठ झाली. मला वाटलं, झालं, जमलं, एवढंच तर होतं.

पण पहिल्या रांगेत काहीतरी विचित्र चाललं होतं. मालक मॅनेजरला विचारत होते, तुम्हाला काही ऐकू येतंय का? मॅनेजर खांदे उडवत होता. पुरुष एकमेकांकडे बघत होते. कुणी तरी गालात हसत होतं. माइकवाला धावत आला, त्याने माझ्यासमोरून हात घालून माइकवर टिचकी मारली. टक टक असा आवाज सगळ्या खोलीत घुमला. माइक चांगला चालू होता.

तेव्हा मला कळलं. मी दुकानात साबण मागावा तशी अख्खी कविता म्हटली होती.

आवाज लावायचा म्हणून तोंड उघडलं, पण घशातून काही निघेना. आवाज कुठून काढतात तेच आठवेना. सगळ्या तालमी डोळ्यांपुढून गेल्या, आणि एकाही तालमीत आवाज नव्हता. ऐकू न येणाऱ्या बाईसमोर मी तालीम केली होती आणि तिने मला पैकीच्या पैकी दिले होते. आता यादी लागणार, सगळ्या जणी माझ्यामुळे घड्या घालत बसणार, आणि मावशी निवृत्त होईपर्यंत मला काही बोलणार नाहीत, तेच जास्त लागेल. मला चौथऱ्यावरून उडी मारून पळून जावंसं वाटलं.

मॅनेजर उठला. म्हणाला, बाई जरा घाबरल्या आहेत, स्वाभाविक आहे. त्यांचं म्हणणं त्यांनी लेखी द्यावं.

"घाबरली नाही ती," मागून आवाज आला. "म्हणाली ती. आम्ही ऐकलं."

तिखट बाकावर उभी होती. तिचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. घोगरा होता, फाटका, पुरुषासारखा. तिने माझी ओळ म्हटली आणि मग स्वतःची. सगळी खोली वळून मागे बघायला लागली. मग भिंतीवाल्यांपैकी एक उभी राहिली, तुटला धागा मीच बांधला. मग खिडकीवाल्या. मग मावशी, त्यांना उठायला वेळ लागला, तोपर्यंत सगळ्या थांबल्या. शेडमधली जी ती बाई, जशी ओळ तिच्याकडे आली होती त्याच क्रमाने म्हणत होती, आणि एकीलाही आवाज बेताचा लावता येत नव्हता. ज्यांनी आयुष्यभर आवाज वापरला नाही त्यांना तो मोजून कसा वापरायचा ते कुठून ठाऊक असणार. एकदा संपली तर त्यांनी पुन्हा सुरू केली, सगळ्यांनी मिळून. भिंती हादरल्या. मला शेडमध्ये असल्यासारखं वाटायला लागलं.

आणि शेडमध्ये मला सगळं ऐकू येतं.

बाबा आणि मॅनेजर परत समोर वळले होते. या गदारोळात आपलं बोलणं कुणाला ऐकू जातंय, अशा बेफिकिरीने मॅनेजर बाबांना विचारत होता, हे खरं आहे का? बाबांनी खाली बघितलं, मग वर, नेमके माझ्या दिशेने. म्हणाले, "खरं आहे साहेब. माझी कंबर गेल्यापासून निम्मे माग तीच जुळवते. पण आता इथे कबूल केलं तर माझा बिल्ला जाईल."

एक एक अक्षर दिसलं. बिल्ला तर फारच स्वच्छ दिसला, ब ओठ मिटूनच येतो.

कविता संपली. मालकांनी हात वर केला आणि बाबांना मोठ्याने विचारलं, "मोठे फिटर, या म्हणतात की माग त्याच जुळवतात. खरं काय?"

बाबा उठले, कंबरेवर हात ठेवून. म्हणाले, "नाही मालक. बायका आपल्या तुटला धागा वगैरे बांधतात. किरकोळ."

मी कविता विसरले, मॅनेजरला विसरले, यादी विसरले. मला फक्त राग आठवला, पदराला तेल पुसतानाचा. आणि त्या रागाबरोबर घशातून काहीतरी वर आलं, खरखरीत, अनोळखी. ते माइकमधून सगळीकडे गेलं तेव्हा मी स्वतःच दचकले.

"बाबा आत्ताच साहेबांना म्हणाले," मी म्हटलं, "खरं आहे साहेब. माझी कंबर गेल्यापासून निम्मे माग तीच जुळवते. पण आता इथे कबूल केलं तर माझा बिल्ला जाईल."

बाबांचा हात चटकन तोंडावर गेला. मॅनेजर तर मला वाटतं श्वास घ्यायचा विसरला. हिला कसं कळलं, हिला कसं कळलं, असं पुरुषांच्या रांगांतून ओठांओठांवर दिसत गेलं. मागच्या बाकांवर मात्र कुणालाच नवल वाटलं नाही.

मालक बाबांकडे वळले. बाबांनी तोंडावरचा हात काढला. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं असं मला वाटतं, निदान चेहरा तसा दिसत होता.

"असं म्हणालो मी," बाबा म्हणाले. "आणि खरंच आहे ते."

यादी लागली नाही. मालकांनी सांगितलं की नव्या मागांसाठी चाचणी होईल, ज्याला यायचं त्याने यावं, बाई असो की बुवा, चाचणी एकच. मॅनेजरने ते लिहून घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता. बाबांचा बिल्ला गेला नाही. तिखट म्हणाली, राहू दे, त्याला शोभतो. आता साहेब लोक शेडमध्ये आले की एकमेकांशी तोंडावर हात धरून बोलतात, आणि फार मजा वाटते बघायला. चाचणीत माझं काय होईल ते अजून ठरायचंय. माझ्या पोटातला गोळा पुरता गेलेला नाही, पण तो आता माझ्या एकटीचा नाही, वाटेच्या दोन्ही बाजूंना वाटला गेलाय.

त्या संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. काय झालं, त्यांनी ओठांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, आवाज न लावल्याचंही. त्या ओशाळल्या. इतक्या तालमी घेतल्या आणि मूळ गोष्टच तपासायची राहिली, म्हणाल्या. मी म्हटलं, जाऊ दे आई, मलाही कुठे कळलं.

त्या ऐकेनात. त्यांनी मला ओट्याला टेकून उभं केलं, जवळ आल्या आणि त्यांचा खरखरीत तळवा माझ्या गळ्यावर ठेवला.

"म्हण," त्या म्हणाल्या.

मी पहिल्या ओळीपासून म्हटली. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. माझ्या ओठांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, नुसता गळ्यावर हात ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत थांबल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता आहे."